बिनतारी संवेदकांच्या जाळ्यांतील भोंकें व तीं बुजविणारीं फिरतीं यंत्रें

अलीकडील दहा-पंधरा वर्षांत द्राक्षें, डाळिंबें व ऊंस पिकविणाऱ्या कित्येक बागाइतदारांच्या शेतांत एक नवीन वस्तु दिसूं लागली आहे. खांबास टांगलेली एक लहानशी पेटी, तिच्या माथ्यावर सूर्याच्या उजेडावर चालणारी पाटी आणि खालीं जमिनींत गेलेली एक तार, असें तिचें साधारण स्वरूप असतें. ही पेटी मातींतील ओल, हवेची उष्णता व दमटपणा, पानावर दंव किती वेळ टिकलें इत्यादि गोष्टी ठराविक वेळानें मोजते व तारेवांचून शेजारच्या पेटीस कळविते. ती पुढच्या पेटीस कळविते, आणि येणेंप्रमाणें ती बातमी अखेर शेतकऱ्याच्या मोबाइलवर येऊन पोंचते. ह्या पेटीस सेन्सर म्हणतात. मराठींत संवेदक हा शब्द रूढ झाला आहे, तोच येथें योजिला आहे. मुंबईच्या आयआयटींतील संशोधकांनीं नाशिककडील द्राक्षमळ्यांत अशा जाळ्याचे प्रयोग पूर्वींच केलेले आहेत. कर्नाटकांत पावगडा तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यांकरितां बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सनें स्वित्झर्लंडमधील संशोधकांच्या साहाय्यानें तसाच उपक्रम केला.

ह्या जाळ्यांचीं जीं माहितीपत्रकें आमच्या पाहण्यांत आलीं, त्यांत एकरीं किती संवेदक बसवावे हें असतें. परंतु दोन पावसाळे गेल्यावर त्यांपैकीं किती बोलते राहतात, न बोलणाऱ्यांची दाद कोण घेतो, आणि मध्यंतरीं शेतकऱ्यानें काय करावें, ह्याविषयीं त्यांत अवाक्षर नसतें. वास्तविक पैसे देणाऱ्यानें पहिल्यानें विचारावयाचा प्रश्न हाच आहे. पेटी बंद पडली तर तिची किंमत गेली, एवढेंच. पण ती बंद पडल्याचें न कळतां राहिलेल्या पेट्यांच्या सरासरीवर पाणी सोडलें किंवा फवारणी टाळली, तर त्या हंगामाचें पीक पणास लागतें.

भोंक किती मोठें पडतें, ह्याचा हिशेब प्रथम पाहूं. महसुली दप्तरांत उमर घालविलेल्या माणसास गुंठ्यांचा हिशेब केल्यावांचून चैन पडत नाहीं, हें वाचकांनीं चालवून घ्यावें. एका संवेदकाचें मापन त्याच्या सभोंवार २० मीटरपर्यंतच्या जमिनीस लागू पडतें असें धरूं. हें वर्तुळ सुमारें १,२५७ चौरस मीटर, म्हणजे साडेबारा गुंठ्यांस थोडें कमी भरतें. परंतु वर्तुळांनीं जमीन झांकावयाची तर तीं एकमेकांवर थोडीं चढवावीं लागतात, नाहीं तर मध्यें मोकळे तिकोनी तुकडे राहतात. कमींत कमी वर्तुळांत जमीन झांकण्याची उत्तम रीत मधमाशांच्या पोळ्यासारखी आहे, हें रिचर्ड कर्शनर ह्या अमेरिकन गणितज्ञानें १९३९ सालीं सिद्ध केलें. त्या रीतीनें संवेदक एकमेकांपासून सुमारें ३५ मीटरांवर येतात व प्रत्येकाच्या निव्वळ वांट्यास १,०३९ चौरस मीटर, म्हणजे सव्वादहा गुंठे येतात. एकरास चार संवेदक, व बांधाकडेच्या तुटक भागासाठीं एखाद-दुसरा अधिक, असा हा हिशेब आहे. आतां मधला एक बंद पडला तर शेजारचे सहा जण त्याच्या वर्तुळाची कड तेवढी झांकतात; मधले सुमारें आठ गुंठे उघडे पडतात. एकरामागें आठ गुंठे म्हणजे शेतीचा पांचवा हिस्सा झाला. लगतचे दोन गेले तर कांहीं विचारूंच नये.

जागेचें भोंक हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार बातमीच्या वाटेंतील भोंकाचा. संवेदक जिवंत आहे, मोजतोही आहे, परंतु त्याची बातमी पुढें नेणारा मधला संवेदक गेला, म्हणून त्याच्या पलीकडील सर्व शेत मुकें होतें. संवेदकाचा आवाज त्याच्या मापनाच्या अंतराच्या निदान दुप्पट पोंचत असेल, तर सर्व जमीन झांकली गेली असतां बातमीची वाटही आपोआप जोडलेली राहते, हें संशोधकांनीं २००३ सालीं दाखवून दिलें. वरील उदाहरणांत तो आवाज ४० मीटर पोंचला पाहिजे. मोकळ्या रानांत तो सहज पोंचतो. पण वेलीस पालवी फुटून मांडव भरला म्हणजे पानांतील पाणी बिनतारी लहरी गिळूं लागतें, आणि जें जाळें छाटणीनंतर उत्तम चालत होतें तेंच फळ धरण्याच्या सुमारास तुटूं लागतें. दोन्ही प्रकारचीं भोंकें निरनिराळीं आहेत हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढें येणाऱ्या फिरत्या यंत्रांचा निवाडा ह्याच भेदावर करावयाचा आहे.

भोंकें कोठेंही, वाटेल तशीं पडतात असाही समज आहे; तो बरोबर नाहीं. जो संवेदक घराजवळच्या मुख्य पेटीच्या लगत असतो, त्यास स्वतःची बातमी देऊन शिवाय मागच्या सर्वांची बातमी वाहावी लागते. गांवाच्या वेशीवरच्या हमालासारखी त्याची स्थिति होते, व त्याची बॅटरी सर्वांच्या आधीं संपते. दुसरें कारण दमटपणाचें. अमेरिकेंत मेन संस्थानच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नांवाचें एक बेट आहे. तेथें समुद्रपक्ष्यांच्या बिळांतील हवामान मोजण्याकरितां २००२ सालीं बर्कली येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं संवेदकांचें जाळें पसरलें. कांहीं संवेदकांत पाणी शिरलें. त्यांचे दमटपणाचे आंकडे आधीं वेडेवांकडे येऊं लागले आणि लवकरच ते संवेदक बंद पडले. आपल्याकडे ह्याचा अर्थ असा कीं, शेताच्या ज्या सखल कोंपऱ्यांत दंव उशीरापर्यंत टिकतें, जेथें केवडा रोग पहिल्यानें दिसतो, तेथलाच संवेदक आधीं बंद पडण्याचा संभव अधिक. ज्या ठिकाणच्या माहितीसाठीं आपण पैसे खर्चिले तेथेंच भोंक पडतें.

हें केवळ भय घालणें नव्हे, हें दाखविण्यास हॉलंडमधील बटाट्याच्या शेताचें एकच उदाहरण पुरेसें आहे. बटाट्यावरील करपा हा तेथील शेतकऱ्यांचा जुना शत्रु. रोगास अनुकूल हवा केव्हां होते तें कळून फवारणी मोजकी व्हावी, ह्या हेतूनें डेल्फ्ट येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००५ सालीं एका शेतांत शंभरांहून कांहीं अधिक संवेदक बसविण्याचा घाट घातला. विद्वान् माणसें, पैशाची कमतरता नाहीं. तथापि प्रत्यक्षांत ९७ संवेदक तीन आठवडे चालले, आणि जेवढी माहिती यावयास पाहिजे होती तिच्यापैकीं शेंकडा २ इतकीच हातीं आली. त्या संशोधकांची थोरवी अशी कीं, त्यांनीं ही गोष्ट न लपवितां छापून प्रसिद्ध केली. विक्रेत्यांनीं त्यांचा कित्ता गिरवावा!

आतां उपायाकडे वळूं. भोंक बुजविण्याच्या आधीं तें पडलें आहे हें समजलें पाहिजे. त्यासाठीं योजलेली युक्ति आपल्या गांवगाड्यांतील जागल्याच्या कामासारखी आहे. प्रत्येक संवेदक आपल्या शेजाऱ्यांपैकीं एकास राखणदार नेमतो व ठराविक वेळानें 'मी आहें' एवढाच संदेश त्यास देतो. असे कांहीं संदेश लागोपाठ चुकले म्हणजे राखणदार अमक्या जागचा संवेदक गेला अशी वर्दी देतो. मेलेल्या संवेदकास स्वतः बोलतां येत नसल्यामुळें शेजाऱ्याकडूनच वर्दी घेणें हा मार्ग रास्त आहे.

वर्दी आल्यावर त्या जागीं नवा संवेदक नेऊन ठेवणारें फिरतें यंत्र, म्हणजे रोबो. ह्यास यंत्रमानव असा शब्द आहे खरा, परंतु पुष्कळ वेळां तें चार चाकांचें गाडेंच असतें; त्यांत मानवासारखें कांहीं नसतें. अशा यंत्राच्या कामाचा प्रत्यक्ष प्रयोग अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांतील संशोधकांनीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांच्या सहकार्यानें केला व २००४ सालीं प्रसिद्ध केला. तें यंत्र जमिनीवर चालणारें नव्हतें. तें माणसावांचून उडणारें लहानसें हेलिकॉप्टर होतें. त्यानें प्रथम आकाशांतून संवेदक टाकून जाळें पसरलें. मग त्या संवेदकांनीं आपसांत बोलून जाळें जोडलेलें आहे कीं तुटलेलें आहे हें ठरविलें. जेथें तुटलें होतें ती जागा हेलिकॉप्टरास कळविण्यांत आली, आणि त्यानें तेथें जाऊन आणखी संवेदक टाकून दुवा सांधला. दुरुस्तीची वर्दी जाळ्यानेंच द्यावी व यंत्रानें ती अमलांत आणावी, ही सगळी साखळी त्यांत प्रत्यक्ष पाहावयास मिळाली.

एकाहून अधिक यंत्रें असलीं तर कोणीं कोठें जावें, हा प्रश्न येतो. ह्यावर अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००७ सालीं जो विचार प्रसिद्ध केला, तो आम्हांस फार मननीय वाटला. कारण तो थेट आमच्या जुन्या धंद्याचा प्रश्न निघाला. त्यांनीं तीन व्यवस्था तपासल्या. पहिलींत सर्व वर्द्या एका मुख्य यंत्राकडे जातात व तें जवळच्या यंत्रास हुकूम सोडतें. ही मामलेदार कचेरीची रीत. दुसरींत सर्व क्षेत्राचे कायमचे सारखे भाग पाडून प्रत्येक भाग एकेका यंत्राच्या हवालीं करितात. ही तलाठ्याच्या सजाची रीत. तिसरींत भागांच्या हद्दी कायम नसतात. यंत्रें हिंडतात तशा त्या हद्दी बदलतात, आणि ज्या घटकेस जें यंत्र सर्वांत जवळ असेल त्यानें ती वर्दी घ्यावयाची. अशा 'सर्वांत जवळचा कोण' ह्या न्यायानें पडणाऱ्या हद्दींस व्होरोनोय नांवाच्या रशियन गणितज्ञाचें नांव आहे. निष्पन्न असें झालें कीं, पहिल्या व तिसऱ्या रीतींत यंत्रांची पायपीट कमी होते, कारण जवळचें यंत्र जातें. परंतु क्षेत्र व संवेदक वाढत गेले म्हणजे एका कचेरीवर भार पडतो, व दुसरी आणि तिसरी रीत अधिक निभावते. सजाच्या रीतींत हद्दीच्या अलीकडे उभें असलेलें यंत्र पलीकडच्या भोंकाकडे पाहत नाहीं. माणसांतही हें होतेंच.

हे निष्कर्ष गणकयंत्रावर मांडलेल्या खेळावरून काढलेले आहेत, हें मात्र सांगितलें पाहिजे. त्या खेळांत जमीन सपाट असते. तींत बांध नाहीं, पाट नाहीं, ठिबकची नळी नाहीं, आणि आषाढांतली काळी माती तर नाहींच नाहीं.

आणखी एक काटकसरीची कल्पना कॅनडांतील ऑटावा येथील संशोधकांनीं २०१० सालीं मांडली. नवे संवेदक आणण्याऐवजीं जेथें दाटी झालेली आहे, म्हणजे एकाच जागेवर दोघांचें मापन चढलेलें आहे, तेथला जादा संवेदक यंत्रानें उचलावा आणि हिंडतां हिंडतां भोंक सांपडेल तेथें ठेवावा. ह्याच्या उलट, प्रत्येक संवेदकासच चाकें लावावीं म्हणजे भोंक दिसतांच शेजाऱ्यांनीं स्वतःच सरकून तें झांकावें, असाही एक पक्ष आहे. आमच्या मतें हा पक्ष शेतीस निरुपयोगी आहे. एक गाडें विकत घेऊन पन्नास संवेदकांची सेवा होते. पन्नास संवेदकांस पन्नास गाडीं लावणें म्हणजे प्रत्येक कोंबडीस गडी ठेवण्यासारखें आहे.

आतां ह्या यंत्रांचा आपल्या शेतांत कितपत उपयोग, हें पाहूं. जमिनीवर चालणाऱ्या गाड्याची अडचण उघड आहे. पावसाळ्यांत जेथें बैलाचा पाय गुडघाभर रुततो तेथें तें जाणार नाहीं. द्राक्षाच्या ओळींत तें चालेल, परंतु एका बागेंतून दुसरींत जातांना बांध आडवा येतो. आकाशांतून जाणाऱ्या ड्रोनास ही अडचण नाहीं, आणि ड्रोन ही आतां खेड्यांत अगदीं अपरिचित वस्तु राहिलेली नाहीं. महिला बचत गटांस फवारणीसाठीं ड्रोन देण्याची नमो ड्रोन दीदी योजना केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजूर केली आहे. तेव्हां दुरुस्तीसाठीं ड्रोनच वापरावा, असें कोणी म्हणेल.

येथें वर सांगितलेला दोन भोंकांचा भेद कामास येतो. बातमीची वाट तुटली असेल, तर ड्रोननें मांडवावर किंवा बांधावर एक निरोप्या पेटी नेऊन ठेवली कीं काम झालें. ती पेटी चार हात इकडे पडली कीं तिकडे, ह्यानें फारसें बिघडत नाहीं. पण मातींतील ओल मोजणारा संवेदक आकाशांतून टाकून चालत नाहीं. हे संवेदक बहुधा मातीचा एक विद्युत्-गुण मोजून ओल ठरवितात. तो गुण हवेंत १, कोरड्या मातींत ३ ते ५ आणि पाण्यांत सुमारें ८० असतो. संवेदकाचीं पातीं मुळांच्या खोलीवर मातींत घट्ट बसलीं पाहिजेत. त्यांच्या भोंवतीं बोटभर जरी हवेची पोकळी राहिली, तरी जमीन ओली असतांही तो कोरडी म्हणून सांगतो, आणि शेतकरी पाण्यावर पाणी देत बसतो. असा संवेदक बंद पडलेल्या संवेदकाहून वाईट. बंद पडलेला निदान खोटें बोलत नाहीं. सबब मातीचें भोंक बुजविण्यास भोंक पाडून, तीच माती पाण्यांत कालवून, पातीं दाबून बसविणारा हात पाहिजे. हवेंतील उष्णता व पानावरील ओल मोजणारे संवेदक ह्या दोहोंच्या मध्यें येतात: ते उचलून ठेवतां येतात, पण पानाच्या उंचीवर व सावलींत ठेवण्याची दक्षता घ्यावी लागते, आणि वरून टाकणाऱ्या यंत्रास ती साधत नाहीं.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, दोन-पांच एकरांच्या बागाइतदारानें दुरुस्तीसाठीं यंत्र घेण्याच्या भरीस पडूं नये. त्याचें शेत सकाळच्या एका फेरींत पायांखालीं येतें. त्यास उणीव आहे ती वर्दीची. ती राखणदाराची युक्ति यंत्रावांचूनही घेतां येते. तीस लागतो तो केवळ संवेदकांतील हुकुमांचा भाग. म्हणून विकत घेतांना सरासरीचा आंकडा न पाहतां, प्रत्येक संवेदक शेवटचा केव्हां बोलला हें निरनिराळें दाखविण्याची सोय आहे काय, व एक बंद करून पाहिला तर किती वेळांत वर्दी येते, हें विक्रेत्याकडून आपल्या देखत करवून घ्यावें. जेथें शंभर-दोनशें एकरांचें सलग क्षेत्र आहे, किंवा आपल्यासारख्या मंडळाच्या अनेक सभासदांचे मळे लागून आहेत, तेथें मात्र एखादा भाड्याचा ड्रोन बातमीचीं भोंकें शोधण्यास व निरोप्या पेट्या ठेवण्यास उपयोगीं पडेल, असें वाटतें.

लागून असलेल्या मळ्यांचा आणखी एक फायदा आहे. जाळ्यांतील भोंक सात-बाराच्या उताऱ्याची हद्द जाणत नाहीं. माझा संवेदक गेला तर शेजाऱ्याच्या बांधालगतचा संवेदक माझे तीन-चार गुंठे झांकूं शकतो, फक्त त्याची बातमी मजकडे येण्याची तजवीज पाहिजे. निरनिराळ्या विक्रेत्यांच्या पेट्या एकमेकींशीं बोलत नाहींत, ही ह्यांतील खरी धोंड आहे. ती काढावयाची तर एका शिवारांतील सभासदांनीं एकाच जातीचे संवेदक एकत्र खरेदी करावे, दर दहांमागें एक सुटा संवेदक मंडळाच्या कचेरींत ठेवावा, आणि बसविण्याचें काम शिकलेला एक तरुण गडी सर्वांमिळून नेमावा. त्याची नेमणूक सजाच्या रीतीनें न करतां, वर्दी येईल तेथें जवळच्यानें जावें ह्या रीतीनें करावी, हें वरील संशोधनावरून घेण्यासारखें आहे.

पिकविम्याविषयीं एक खुलासा आवश्यक आहे, कारण ह्या बाबतींत गैरसमज होतो. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याचा हिशेब आपल्या शेतांतील संवेदकावर होत नसतो. तो महसूल मंडळांतील अधिसूचित हवामान केंद्राच्या नोंदीवर होतो. महावेध प्रकल्पांत २०१७ सालापासून राज्यांत अशीं दोन हजारांहून अधिक केंद्रें उभारलीं गेलीं. एका मंडळांत अनेक गांवें असतात. एका गांवीं गारा पडाव्या व केंद्राच्या गांवीं ऊन पडावें, असें घडतें. हेंही एक भोंकच आहे, परंतु तें कोणत्याही फिरत्या यंत्रानें बुजणारें नाहीं. तें केंद्रांची संख्या वाढवूनच बुजेल. तथापि आपल्या शेतांतील नोंदी तारीखवार जपून ठेवल्यास तक्रारीच्या अर्जास त्यांची जोड देतां येते, व बिनभोंकाची नोंद असेल तरच तिला वजन येतें.

शेवटीं ज्यांनीं जाळें बसविलेंच आहे त्यांच्यासाठीं एक सूचना. आपल्याकडे बिनतारी संवेदक विकतांना ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ ह्या लहरी वापरणारे व २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरणारे, असे दोन्ही प्रकार मिळतात. पहिल्या लहरींस आपल्या देशांत ठराविक शक्तीच्या मर्यादेंत परवाना लागत नाहीं, व पानांच्या दाटींतून त्या दुसऱ्यांपेक्षां अधिक दूर जातात. आपलें जाळें कोणत्याही प्रकारचें असो, त्याची परीक्षा ऑक्टोबर छाटणीनंतर लगेच घेऊन समाधान मानूं नये. मांडव पुरा भरल्यावर, पहाटे दंव असतांना, ती पुन्हां घ्यावी. त्या वेळीं जो संवेदक गप्प राहील त्याची अँटेना पानांच्या वर हातभर उंच चढवून पाहावी. तरीही तो न बोलल्यास मध्यें एक निरोप्या पेटी घालावी, व ती सखल कोंपऱ्याच्या बाजूनें घालावी.